नावागणिक एक माणूस

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ६ जून १९४४ रोजी उतरलेल्या सैनिकांची आठवण ऐंशी वर्षं कुणी, कशी सांभाळली, त्याची ही हकिकत. आणि आपल्या गावांत अजून न झालेल्या एका कामाबद्दल थोडंसं.

१७ जुलै १९४४, सोमवार. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं बेडफर्ड हे तेव्हा सव्वातीन हजार वस्तीचं गाव. तिथल्या ग्रीन्स ड्रगस्टोअर या औषधांच्या दुकानात तारयंत्र बसवलेलं होतं आणि एलिझाबेथ टीस ही एकवीस वर्षांची मुलगी ते सांभाळायची. त्या सकाळी तिनं यंत्र सुरू केलं आणि युद्धखात्याच्या तारा यायला लागल्या. एक आली, दुसरी आली, थांबेचनात. प्रत्येक तारेवर ओळखीचं नाव. गाव एवढं लहान की कुठली तार कुठल्या घरी जायची हे पत्ता न वाचताही कळावं. शेरीफ, टॅक्सीवाला, जो हाताशी सापडला त्याच्याकडे देऊन तिनं त्या तारा घरोघर पोचत्या केल्या.

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त फौजा उतरल्या त्याला जवळपास सहा आठवडे होत आले होते. वर्तमानपत्रांत विजयाच्या बातम्या येत होत्या, नकाशे छापून येत होते, पण बेडफर्डच्या पोरांची पत्रं बंद झाली होती. कारण त्या दिवशी कळलं. २९व्या पायदळ डिव्हिजनच्या ११६व्या रेजिमेंटची ए कंपनी म्हणजे मूळची बेडफर्डची नॅशनल गार्डची तुकडी. एका वर्गात शिकलेले, शेजारीपाजारी राहणारे, नात्यातले असे सगळे एकत्र भरती झालेले. ६ जूनच्या सकाळी साडेसहाच्या सुमारास ही कंपनी ओमाहा किनाऱ्यावर पहिल्या लाटेत उतरली आणि काही मिनिटांत तिचा बहुतेक भाग मारला गेला किंवा जखमी झाला. बेडफर्डचे वीसेक तरुण गेले.

त्यांत रे आणि बेडफर्ड होबॅक हे सख्खे भाऊ होते. आईवडिलांना लागोपाठ दोन तारा मिळाल्या. एका मुलाच्या मृत्यूची, दुसरा बेपत्ता असल्याची. रेचं शव कधीच सापडलं नाही. सापडलं ते त्याचं बायबल. लढाईनंतर एका अनोळखी सैनिकाला ते वाळूत मिळालं. आत लिहिलेल्या पत्त्यावर त्यानं ते पाठवून दिलं आणि सोबतच्या पत्रात, मुलगा सुखरूप असल्याचं तुम्हाला एव्हाना कळलं असेल अशी आशा व्यक्त केली. युद्ध संपल्यावर अमेरिकन सरकारनं प्रत्येक घराला विचारलं की शव मायदेशी आणायचं का. होबॅक कुटुंबानं बेडफर्डचं शव फ्रान्समध्येच राहू दिलं, कारण त्याचा भाऊ तिथंच कुठंतरी होता.

या लढाईवर पुस्तकं आणि सिनेमे उदंड आहेत. मला सांगायचं आहे ते तिच्या नंतरचं. गेलेल्या सैनिकांची नावं राखायला माणसांना किती राबावं लागतं आणि राबणारं कुणी नसलं की ती नावं किती लवकर पुसली जातात, याचा नॉर्मंडीइतका सविस्तर धडा क्वचितच कुठे मिळेल.

ती सकाळ

उतरायचा दिवस ठरला होता ५ जून. इंग्लिश खाडीवर वादळ घोंघावत होतं. हवामान अधिकारी जेम्स स्टॅग यांच्या सल्ल्यावरून सरसेनापती आयझेनहॉवर यांनी मोहीम एक दिवस पुढे ढकलली. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला ब्लॅकसॉड इथं मॉरीन फ्लॅव्हिन ही तरुणी टपालकचेरीत काम करता करता वायुभारमापकाच्या नोंदी घ्यायची. ज्या नोंदींवर तो निर्णय टेकला होता त्यांत तिच्याही नोंदी होत्या आणि तिला त्याची कल्पना नव्हती. पुढे स्टॅग यांनी सांगितलं की वादळात थोडी उसंत मिळेल, आणि आयझेनहॉवर यांनी ६ तारीख पक्की केली. त्यानंतर भरतीओहोटी आणि चंद्रप्रकाश यांचा मेळ बसायला निदान दोन आठवडे थांबावं लागलं असतं.

सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यात पाच किनारे निवडले होते. त्यांची सांकेतिक नावं युटा, ओमाहा, गोल्ड, जूनो आणि स्वोर्ड. त्या एका दिवसात सुमारे १,५६,००० सैनिक नॉर्मंडीत उतरले. काही हवेतून छत्र्यांनी आणि ग्लायडरनं, बहुतेक पाण्यातून. समुद्रात लहानमोठी मिळून सात हजारांच्या आसपास जहाजं होती. जर्मन सेनापती रोमेलनं किनाऱ्यावर लोखंडी आणि लाकडी अडथळे पेरले होते, कित्येकांना सुरुंग बांधलेले. ते दिसावेत म्हणून ओहोटीला उतरायचं ठरलं. याचा दुसरा अर्थ असा की सैनिकाला उघड्या वाळूवरून शेकडो मीटर चालत जायचं होतं, समोरच्या टेकाडावरच्या मशीनगनच्या तोंडाशी.

ओमाहावर योजलेलं बरंचसं फसलं. ढगांमुळे विमानांचे बॉम्ब किनाऱ्यावर न पडता आत शेतांमध्ये पडले. पाण्यावर तरंगत येणारे रणगाडे खवळलेल्या समुद्रात बुडाले. एका बटालियननं खोल पाण्यात सोडलेल्या २९ पैकी २७ तळाला गेले. सपाट बुडाच्या हिगिन्स बोटींची पुढची फळी खाली पडली की आतले तीसेक जण थेट गोळीबारासमोर उघडे पडत. पाठीवर ओझं, कपडे भिजून जड झालेले, बोट लागल्यानं पोट ढवळलेलं. कित्येकांना वाळूला पाय लागायच्या आधीच मरण आलं. तरीही दुपारपर्यंत लहान लहान टोळ्या टेकाड चढून वर पोचल्या होत्या, कारण कुणीतरी सार्जंट, कुणीतरी तरुण लेफ्टनंट उठून पुढे गेला आणि मागचे त्याच्या मागे गेले.

त्या दिवशी दोस्तांचे सुमारे ४,४०० सैनिक मारले गेले, त्यांतले अडीच हजारांवर अमेरिकन. आज हा आकडा सहज सांगता येतो, पण लढाईनंतर बरीच वर्षं तो कुणाजवळच नव्हता. अंदाज सांगितले जात आणि ते खूप कमी असत. बेडफर्डच्या दुःखाची जाण ठेवून अमेरिकेनं आपलं राष्ट्रीय डी-डे (म्हणजे ६ जूनच्या चढाईचं) स्मारक त्याच गावात उभारलं. ते ६ जून २००१ रोजी खुलं झालं. त्या स्मारकासाठी एका ग्रंथपाल बाईंनी काही वर्षं खपून पलटणींचे अहवाल, दफनभूमींची दप्तरं आणि मृत्यूच्या नोंदी एकमेकींशी ताडल्या. ज्याच्या मृत्यूची तारीख ६ जूनच आहे असं कागदानं सिद्ध होईल तेवढंच नाव त्यांनी धरलं. म्हणजे आकडा नावांमधून तयार झाला, एकेक माणूस मिळवत.

मेयरची बायको

सेंट-मेर-एग्लीझ हे नॉर्मंडीत सर्वांत आधी मुक्त झालेल्या गावांपैकी एक. ५ आणि ६ जूनच्या मधल्या रात्री अमेरिकन छत्रीधारी सैनिक तिथं उतरले. पुढच्या आठवड्यांत गावाच्या परिसरात तीन तात्पुरत्या दफनभूमी तयार झाल्या आणि हजारो सैनिकांना तिथं पुरलं. गावचे मेयर अलेक्झांद्र रेनो हे व्यवसायानं औषधविक्रेते. त्यांची पत्नी सिमोन.

जनरल थिओडोर रूझवेल्ट ज्युनियर यांनाही आधी तिथंच पुरलं होतं. युटा किनाऱ्यावर पहिल्या लाटेत उतरलेले ते एकमेव जनरल. वय छप्पन्न, सांधेदुखीमुळे हातात काठी. प्रवाहानं बोटी ठरल्या जागेपासून जवळजवळ दोन किलोमीटर दक्षिणेला वाहून नेल्या, तेव्हा तिथूनच पुढे जायचं असं त्यांनी जागेवर ठरवलं. १२ जुलैला हृदयविकारानं ते गेले. त्यांच्या कबरीवर फुलं ठेवणाऱ्या सिमोन रेनोंचा फोटो त्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकात छापून आला.

तो पाहून अमेरिकेतल्या आया त्यांना पत्रं लिहू लागल्या. माझा मुलगा तिथं आहे, त्याची कबर कुठे आहे ते बघाल का, एखादं फूल ठेवाल का? त्या काळी साध्या घरातल्या बाईला अटलांटिक ओलांडून फ्रान्सला जाणं अशक्यच होतं. सिमोन रेनो प्रत्येक पत्र वाचत, दफनभूमीत जाऊन ती कबर शोधत, फुलं ठेवत, फोटो काढून पाठवत. हे त्यांनी पुढे आयुष्यभर केलं. कबरी दुसरीकडे हलवल्या गेल्या, पत्रं लिहिणाऱ्या आया म्हाताऱ्या झाल्या, पण पत्रव्यवहार थांबला नाही. १९८८ साली त्या वारल्या तेव्हा अमेरिकेतले वृद्ध सैनिक त्यांना नॉर्मंडीची आई म्हणत होते.

त्यांना कुठला हुकूम नव्हता, पगार नव्हता. मला या साऱ्या इतिहासात त्यांचं काम सर्वांत मोलाचं वाटतं. सरकार दगड उभारतं आणि ते त्यानं उभारायलाच हवेत. पण दूरच्या आईला तिच्या मुलाची कबर कशी दिसते हे सांगायला एका माणसाला टोपली घेऊन चालत जावं लागतं. आजही नॉर्मंडीतली कित्येक कुटुंबं एकेका अमेरिकन सैनिकाची कबर दत्तक घेतात आणि वर्षातून निदान एकदा तिथं फुलं वाहतात. मुलं मोठी झाली की ती कबर त्यांच्याकडे जाते.

संगमरवर आणि वाळू

ओमाहाच्या वरच्या टेकाडावर कोलव्हिल-सुर-मेर इथं अमेरिकन दफनभूमी आहे. १७० एकरांहून मोठी जागा, सुमारे ९,४०० कबरी, पांढऱ्या संगमरवराचे क्रूस आणि ज्यू सैनिकांसाठी षट्कोनी तारे. ज्यांचं शव सापडलं नाही अशा दीड हजारांहून अधिक जणांची नावं वेगळ्या भिंतीवर कोरलेली आहेत; रे होबॅक तिथं आहे. जनरल रूझवेल्ट आता इथंच आहेत आणि शेजारी त्यांचा धाकटा भाऊ क्वेंटिन, जो पहिल्या महायुद्धात १९१८ साली विमानात मारला गेला होता.

पांढऱ्या दगडात कोरलेलं पांढरं अक्षर लांबून दिसत नाही. घरचं कुणी भेटीला आलं की दफनभूमीचे कर्मचारी त्यांच्यासोबत कबरीपाशी जातात. ओमाहा किनाऱ्यावरून आणलेली ओली वाळू बोटांनी अक्षरांत भरतात, वरची पुसून घेतात. नाव ठळक उमटतं. पाऊस आला की वाळू धुऊन जाते आणि पुढच्या भेटीला पुन्हा भरावी लागते.

त्या वाळूतही लढाई उरली आहे. १९८८ मध्ये ओमाहावरून नेलेला एक नमुना दोन अमेरिकन भूशास्त्रज्ञांनी पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात सुमारे ४ टक्के कण तोफगोळ्यांच्या लोखंडाचे निघाले, आणि स्फोटाच्या उष्णतेनं वितळून तयार झालेले काचेचे बारीक मणीही सापडले.

ब्रिटिशांची रीत निराळी. पहिल्या महायुद्धात त्यांनी ठरवलं की कुणाचंही शव मायदेशी न्यायचं नाही, श्रीमंताचंही नाही. जिथं पडला तिथं पुरायचं आणि जनरलपासून शिपायापर्यंत सगळ्यांचा दगड एकाच मापाचा. बायो इथल्या दफनभूमीत ४,१०० हून अधिक राष्ट्रकुल सैनिक आहेत. प्रत्येक दगडापाशी बाग जोपासलेली असते, आणि खाली घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ असते, कधी आईची, कधी बायकोची. तरीही नॉर्मंडीच्या मोहिमेत ब्रिटिश सैन्याधिकाराखाली मेलेल्या सगळ्यांची नावं एका ठिकाणी नव्हती. वयोवृद्ध सैनिकांनी त्यासाठी आग्रह धरला आणि ६ जून २०२१ रोजी गोल्ड किनाऱ्यावरच्या व्हेर-सुर-मेर इथं स्मारक खुलं झालं. त्यावर २२,४४२ नावं आहेत. करोनाच्या निर्बंधांमुळे ज्यांनी ते मागितलं होतं त्यांतल्या बहुतेकांना त्या दिवशी तिथं जाता आलं नाही.

यादीबाहेरचे

नावं सांभाळणाऱ्यांना एक प्रश्न सारखा भेटतो: यादीत कोण धरायचं?

वेव्हरली वुडसन हा ३२०व्या बराज बलून (विमानं अडवणाऱ्या फुग्यांच्या) बटालियनमधला वैद्यकीय शिपाई. ओमाहावर पहिल्या दिवशी उतरलेली ही कृष्णवर्णीय सैनिकांची तुकडी होती, कारण अमेरिकन सैन्यात तेव्हा गोऱ्याकाळ्यांच्या पलटणी वेगळ्या असत. बोटीतच तोफगोळ्याच्या तुकड्यांनी वुडसन जखमी झाला. तशाच अवस्थेत त्यानं किनाऱ्यावर तीसेक तास जखमींना पट्ट्या बांधल्या, गोळ्या काढल्या, बुडणाऱ्यांना ओढून आणलं. दोनशेवर सैनिकांवर त्यानं उपचार केल्याची नोंद आहे. तो २००५ मध्ये वारला. त्याच्या पत्नीनं आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी पाठपुरावा सोडला नाही, आणि २०२४ साली त्याला मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस मिळाला. लढाईला ऐंशी वर्षं झाली होती.

नॉर्मंडीतली सामान्य माणसंही दीर्घकाळ यादीबाहेर होती. जर्मनांची वाट अडवायला दोस्तांनी कां, सेंट-लो, लिझिय अशा गावांवर बॉम्ब टाकले. त्या उन्हाळ्यात नॉर्मंडीतले सुमारे २०,००० नागरिक मारले गेले. ज्यांनी मुक्त केलं त्यांच्याच बॉम्बनं घर गेलं, मूल गेलं, हे दुःख बोलायला जागा नव्हती. सोहळा सैनिकांचा होता. राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा ओलांद यांनी २०१४ च्या ६ जूनला कां इथं या नागरिकांना जाहीर आदरांजली वाहिली, आणि २०१६ मध्ये फालेझ इथं युद्धातल्या नागरिकांचं संग्रहालय सुरू झालं. सैनिकांच्या त्यागाला यानं काही उणेपणा आला नाही. उलट त्या सुटकेची पुरी किंमत आता सांगता येते.

आणि शत्रू? ला कांब इथं २१,००० हून अधिक जर्मन सैनिक पुरले आहेत. काळसर दगडाचे ठेंगणे क्रूस, मधे मातीचा मोठा उंचवटा. या दफनभूमीत कोवळी पोरं आहेत आणि नात्झी एसएस दलाचे कडवे लढवय्येही आहेत. तिथं उभं राहणं अवघड आहे आणि ते अवघडच असलं पाहिजे. कबर राखणं म्हणजे ते ज्या राजवटीसाठी लढले तिला माफ करणं नव्हे. बायोच्या ब्रिटिश दफनभूमीतही काही शे जर्मन आहेत आणि त्यांच्या कबरींची निगा तितकीच घेतली जाते. २००४ मध्ये गेरहार्ड श्रोडर हे ६ जूनच्या स्मरणसोहळ्याला बोलावले गेलेले पहिले जर्मन चॅन्सेलर ठरले, साठ वर्षांनी. सरकारांच्या आधी माणसांनी हे अंतर कापलं होतं. स्वोर्ड किनाऱ्यावर उतरलेल्या १७७ फ्रेंच कमांडोंपैकी शेवटचे लेओं गोतिए हे विस्त्रेआममध्ये राहत. त्याच गावात स्थायिक झालेला, नॉर्मंडीत त्यांच्याविरुद्ध बाजूनं लढलेला एक जर्मन त्यांचा जिवलग मित्र होता. गोतिए २०२३ च्या जुलैत, वयाच्या शंभराव्या वर्षी गेले.

आपली नावं

नॉर्मंडीत सैनिक उतरले त्यानंतर पाच आठवड्यांच्या आत, १० जुलै १९४४ रोजी, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे लढत होते. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. त्यांच्या सेक्शनमधले जवळजवळ सगळे मारले गेले किंवा जखमी झाले, तेव्हा त्यांनी एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर धाव घेतली, ते मोडून काढलं आणि तिथंच गोळी लागून ते पडले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर कुठे आहे ते ज्ञात नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे आणि २०२३ च्या जुलैत इटलीतल्या मोंतोने गावी त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळाचं स्मारक झालं.

घाडगेंचं नाव राहिलं. त्यांच्यासारखे इतर किती जण आहेत? समुद्रमार्गे जाऊन शत्रूच्या किनाऱ्यावर उतरण्याचा प्रसंग मराठी शिपायावर नॉर्मंडीच्या तीस वर्षं आधी आला होता. १९१४ च्या ऑक्टोबरात मुंबईहून निघालेली, सहाव्या पुणे डिव्हिजनची एक ब्रिगेड नोव्हेंबरात इराणच्या आखाताच्या टोकाला, शत अल-अरबच्या मुखाशी उतरली. फाओचा तुर्की किल्ला पडला आणि मेसोपोटेमियाची लढाई सुरू झाली. त्या ब्रिगेडमध्ये ११७वी मराठा पलटण होती. तिथं मेलेल्या, पण कबर ज्ञात नसलेल्या ४०,००० हून अधिक जणांचं स्मारक पुढे बसऱ्याजवळ उभारलं गेलं. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली गेली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीमागे फक्त आकडा कोरला. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्ध-दफनभूमी आयोगानं स्वतःच्या इतिहासाची चौकशी करून घेतली आणि मान्य केलं की पहिल्या महायुद्धात आशिया आणि आफ्रिकेतल्या हजारो सैनिकांचं स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीनं झालं नाही. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत त्याबद्दल माफी मागितली.

असाच नुसता आकडा आपल्याकडेही आहे. साताऱ्यात, कोकणात कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर इंग्रजी राजवटीनं बसवलेली संगमरवरी पाटी सापडते. या गावातून महायुद्धावर इतके गेले, त्यांतले इतके मेले, एवढंच तिच्यावर लिहिलेलं. अपशिंगे या साताऱ्याच्या गावातून गेलेले ४६ जण पहिल्या महायुद्धात परतले नाहीत. इतरत्र पाटीवरचा आकडा दोन असतो, पाच असतो. नाव बहुतेक ठिकाणी एकही नसतं.

महाराष्ट्राला लढून पडलेल्याची आठवण दगडात ठेवणं नवं नाही. गावोगावच्या देवळाशेजारी वीरगळ उभे आहेत: खाली लढाई, वर अप्सरा वीराला नेतात, सर्वांत वर तो शिवाची पूजा करतो. माणूस कोरायला पैसे आणि पाथरवट होता, पण बहुतेकांवर अक्षर नाही. आज आपण त्यांना शेंदूर लावतो, नमस्कार करतो, आणि कोण होता विचारलं तर सांगता येत नाही.

महायुद्धातल्या शिपायांच्या बाबतीत ही सबब चालणार नाही. कारण बसऱ्याच्या दगडावर जी नावं कोरली नाहीत ती आयोगाच्या नोंदवह्यांत उतरवलेली होती, आणि त्या नोंदी आता संगणकावर कुणालाही शोधता येतात. कित्येक शिपायांपुढे बापाचं नाव, गाव, जिल्हा लिहिलेला आहे. इंग्रजी कारकुनानं मराठी नावांचं काय केलं ते उलगडायला मराठी माणूसच हवा. गावातली आडनावं, वाड्या आणि भावकी ठाऊक असलेला. पंजाबनं वाट दाखवली आहे. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या तीन लाखांहून अधिक पंजाबी सैनिकांच्या नोंदी अभ्यासकांनी २०२१ पासून लोकांसाठी खुल्या करायला सुरुवात केली आणि ब्रिटनमधल्या पंजाबी घरांतली नातवंडं, पतवंडं आपल्या आजोबा-पणजोबांना तिथं शोधू लागली.

आपल्याकडे हे काम एखादी माध्यमिक शाळाही करू शकेल. इतिहासाचे शिक्षक, गावचे दोन निवृत्त सुभेदार आणि नववीची मुलं एवढं मनुष्यबळ पुरे. आधी पाटीवरचा आकडा घ्यायचा, आयोगाच्या नोंदींत गावाचं नाव शक्य तितक्या अपभ्रंशांत शोधायचं, मिळालेली नावं घेऊन घरोघर जायचं, म्हाताऱ्यांना विचारायचं, जुन्या ट्रंकांतली पदकं आणि पेन्शनचे कागद पाहायचे. सगळी नावं मिळतीलच असं नाही. जी मिळतील ती त्याच भिंतीवर, त्याच आकड्याखाली, देवनागरीत कोरायची. दोनचारशे घरांच्या गावात हे एका शालेय वर्षात होण्याजोगं आहे, आणि ते आपल्याऐवजी दुसरं कुणी करणार नाही.